सुई दिली आज, नोटीस आली दीड वर्षानं: पशुवैद्यकांच्या इन्डेम्निटी विम्याबद्दल नेहमीचे प्रश्न

इंटर्नशिप करणारी मुलं आणि नव्यानं दवाखाना टाकलेले मित्र फोनवर जे प्रश्न विचारतात, ते इथे एका जागी लिहिले आहेत. मी विमा एजंट नाही. आधी फक्त गाई-म्हशींची आणि आता निम्मी कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस करणारा पशुवैद्यक आहे. पॉलिसीची भाषा कंपनीगणिक बदलते, त्यामुळे शेवटी खरं ते तुमच्या हातातल्या कागदावर छापलेलं.

इन्डेम्निटी पॉलिसी नेमकी कशासाठी?

व्यालेली म्हैस दुसऱ्या दिवशी बसलीय, अंग गार, मान पोटाकडे वळलेली. दुग्धज्वर (व्यायल्यावर रक्तातलं कॅल्शियम घटून होणारा आजार) समोर दिसतोय. तुम्ही शिरेतून कॅल्शियम लावता आणि बाटली अर्धी व्हायच्या आत म्हैस पाय झाडून जाते. कॅल्शियम भरभर गेलं तर हृदय थांबतं हे आपण कॉलेजात शिकलोय. सावकाश दिलं तरी थकलेलं हृदय कधीकधी साथ देत नाही, हे आपण गोठ्यात शिकलोय. जमलेल्या माणसांना मात्र एवढंच दिसतं: डॉक्टरनं सुई लावली आणि म्हैस गेली.

यातून भरपाईचा दावा उभा राहिला तर दोन खर्च येतात. एक, चूक सिद्ध झाली तर द्यावी लागणारी रक्कम. दुसरा, चूक झाली नव्हती हे दाखवण्यासाठी वकील, तज्ज्ञ आणि तारखांवर होणारा खर्च. इन्डेम्निटी पॉलिसी हे दोन्ही उचलते. आपल्यापैकी बहुतेकांना पहिल्याची भीती वाटते, पण दुसरा खर्च निर्दोष माणसालाही चुकत नाही.

शेतकऱ्याचा पशुधन विमा असतोच. मग आपला वेगळा कशाला?

पशुधन विमा जनावराचा असतो आणि पैसे मालकाला मिळतात. त्यात तुमचं काम कानातला बारा अंकी बिल्ला तपासणं, किंमत ठरवणं आणि मृत्यूनंतर शवविच्छेदनाचा अहवाल देणं. तुमच्यावरच्या आरोपाशी त्या पॉलिसीचा संबंध नाही. उलट त्या कागदावरची तुमची सही हीच एक जोखीम आहे. जनावर न पाहता, बिल्ला न वाचता, ‘देऊन टाका हो डॉक्टर’ म्हणून दिलेला दाखला खोटा निघाला तर तुमची इन्डेम्निटी पॉलिसी बाजूला होते. जाणूनबुजून केलेल्या गोष्टीला कुठल्याच पॉलिसीत जागा नसते.

हा विमा घेणं सक्तीचं आहे का?

भारतात नाही. नोंदणी आणि व्यवसायाचा कायदा, म्हणजे भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम १९८४, विम्याची अट घालत नाही. ब्रिटनमध्ये तिथल्या पशुवैद्यकांच्या रॉयल कॉलेजच्या आचारसंहितेनुसार पशुवैद्यकाकडे असं संरक्षण असावंच लागतं. आपल्याकडे काही मोठी पेट हॉस्पिटलं नोकरी देताना पॉलिसीची प्रत मागतात, तेवढीच काय ती सक्ती.

जनावराच्या डॉक्टरला ग्राहक आयोगात खेचता येतं?

येतं. फी घेऊन दिलेली सेवा म्हणजे सेवा, मग पेशंट दोन पायांचा असो की चार. मोठ्या व्यापारी तत्त्वावर चालणाऱ्या फार्मला ‘ग्राहक’ म्हणायचं का, यावर वाद घालता येतो. पण चार म्हशींवर घर चालवणारा शेतकरी आणि घरातलं मांजर घेऊन आलेली मालकीण हे ग्राहकच.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातल्या तीन गोष्टी आपल्या लोकांना ठाऊक नसतात. पहिली, कुठल्या आयोगात जायचं हे मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, दिलेल्या फीवर ठरतं. पन्नास लाखांपर्यंतची फी जिल्हा आयोगात. आपली फी काही शे, फार तर काही हजार. म्हणजे मालकानं वीस लाख मागितले तरी केस जिल्ह्यातच चालणार, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्कही नाही. तक्रार करणाऱ्याच्या खिशाला जवळजवळ काहीच लागत नाही. दुसरी, तक्रारदार आता जिथे राहतो तिथे तक्रार करू शकतो. पुण्यात तुम्ही ऑपरेट केलेल्या लॅब्रॅडॉरचे मालक बदली होऊन नागपूरला गेले, तर तारखा नागपूरच्या. तिसरी, मुदत दोन वर्षांची, आणि उशिराचं पटण्यासारखं कारण दिलं तर आयोग त्यानंतरही तक्रार घेऊ शकतो. दिवाणी कोर्टाचा रस्ता वेगळा, तिथे साधारण तीन वर्षं.

‘क्लेम्स मेड’ म्हणजे काय? एजंट हे सांगतच नाहीत.

हे समजलं तर निम्मं काम झालं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडीच्या विम्यात अपघाताच्या दिवशी पॉलिसी चालू होती का, एवढंच पाहतात. इन्डेम्निटी पॉलिसी तशी नसते, ती ‘क्लेम्स मेड’ असते, म्हणजे दावा केव्हा आला यावर चालते. इथे दोन तारखा पाहतात: उपचार केव्हा केला आणि दावा केव्हा आला. दावा आला त्या दिवशी पॉलिसी चालू हवी. शिवाय उपचाराची तारीख पॉलिसीवरच्या ‘रेट्रोअॅक्टिव्ह डेट’नंतरची हवी. ही तारीख म्हणजे तुम्ही खंड न पडू देता विमा घ्यायला लागलात तो पहिला दिवस.

एक उदाहरण. पॉलिसी १ एप्रिल २०२३ ला घेतली, दर वर्षी वेळेवर नूतनीकरण केलं. ऑगस्ट २०२३ मध्ये कुत्रीच्या गर्भाशयाची शस्त्रक्रिया केली. नोटीस आली फेब्रुवारी २०२५ मध्ये. दोन्ही तारखा बसतात, कंपनी येते. आता समजा, एप्रिल २०२४ मध्ये तुम्ही विसरलात आणि जूनमध्ये नव्यानं पॉलिसी काढली. नवी रेट्रोअॅक्टिव्ह तारीख जून २०२४. शस्त्रक्रिया त्याआधीची. नोटीस येते तेव्हा तुमच्या हातात चालू पॉलिसी आहे, हप्ता भरलेला आहे आणि संरक्षण शून्य.

माझ्या एका मित्रानं हप्ता थोडा कमी पडतो म्हणून कंपनी बदलली. नव्या कंपनीनं जुनी तारीख पुढे चालवायची तयारी दाखवली होती, पण त्यासाठी जुन्या पॉलिसींच्या प्रती जोडायच्या होत्या. त्यानं त्या जोडल्या नाहीत. पुढचं सांगायला नको.

त्यामुळे कंपनी बदलताना आधी हप्ता विचारू नका. ‘माझी जुनी तारीख पॉलिसीवर छापून येईल का’ हे विचारा, आणि छापून आल्याशिवाय जुनी सोडू नका.

निवृत्त झाल्यावर किंवा दवाखाना बंद केल्यावर बंद करू का?

लगेच नको. शेवटच्या दिवशी केलेल्या उपचाराची नोटीस दोन-तीन वर्षांनी येऊ शकते. तेवढी वर्षं पॉलिसी चालू ठेवा किंवा व्यवसाय बंद केल्यानंतरच्या मुदतवाढीचं कलम आहे का ते विचारा. डॉक्टर वारले तर वारसांवर येणारा दावा पॉलिसीत बसतो का, हेही त्याच वेळी विचारून घ्या.

किती रकमेची घ्यावी?

पॉलिसीवर दोन आकडे असतात: एका घटनेची मर्यादा आणि वर्षभराची मर्यादा. १:१ असेल तर दोन्ही सारख्याच. १:२ म्हणजे वर्षाची दुप्पट, उदाहरणार्थ एका घटनेला दहा लाख आणि वर्षाला वीस. वकिलाचा खर्च बहुतेक पॉलिसींत याच मर्यादेतून वजा होतो, वेगळा मिळत नाही. शिवाय प्रत्येक दाव्यात पहिली ठरावीक रक्कम तुमच्या खिशातून.

कायद्याच्या नजरेत जनावर ही मालमत्ता. भरपाईचा पाया म्हणजे बाजारभाव, त्यावर बुडालेलं दूध किंवा वेत, आणि ग्राहक आयोगात मानसिक त्रासाची रक्कम. त्यामुळे तुमच्या पेशंटची किंमत किती आणि तुमच्या एका निर्णयावर किती जीव अवलंबून, हे पाहा. संकरित गाय लाखाच्या आसपास, एखादी मुऱ्हा म्हैस त्याहून वर. महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या रेसकोर्सवरच्या घोड्याला हात लावणाऱ्याचं गणितच वेगळं. आणि सगळ्यात जास्त धोका मला पोल्ट्री सल्लागाराचा वाटतो. त्याच्या एका फोनवर दहा हजार पक्ष्यांच्या पाण्यात औषध पडतं. चूक एकच, मेलेले पक्षी दहा हजार. हे ‘एक घटना’ धरायचं की अनेक, हे पॉलिसीच्या व्याख्येत आधी वाचा.

डॉक्टरांसाठीची तयार पॉलिसी चालेल का?

न विचारता घेऊ नका. बऱ्याच पॉलिसी माणसांच्या डॉक्टरांसाठी लिहिलेल्या असतात. त्यात ‘रुग्णाला झालेली शारीरिक इजा’ असे शब्द असतात, आणि रुग्ण म्हणजे माणूस. जनावराचा मृत्यू हे मालमत्तेचं नुकसान. तुमच्या ताब्यात असलेल्या मालमत्तेचं नुकसान वगळलेलं असेल, तर खोड्यात उभी असलेली म्हैस आणि टेबलावरचं मांजर दोन्ही बाहेर. पशुवैद्यकीय सेवेचा स्पष्ट उल्लेख आणि ताब्यातल्या जनावराचा समावेश, या दोन ओळी पॉलिसीत शोधा. एजंटचं ‘सगळं कव्हर आहे सर’ कोर्टात वाचून दाखवता येत नाही.

कशाकशाला पैसे मिळत नाहीत?

मुद्दाम केलेलं कृत्य, दारूच्या अंमलाखाली केलेलं काम, दंड, फी परत करणं, ‘शंभर टक्के बरी करतो’ असं दिलेलं वचन, आणि पॉलिसी घेताना माहीत असलेलं पण लपवलेलं प्रकरण. ही झाली ठरलेली यादी. आपल्या धंद्यातले खड्डे निराळे आहेत.

बंदी असलेलं औषध हा एक. औषध दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मरत होती, म्हणून जनावरांसाठीचं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक २००६ मध्ये बंद झालं, केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅक २०२३ मध्ये. माणसांच्या दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅकची सुई गाईला दिली आणि काही बिनसलं, तर कंपनीला नकारासाठी आयतं कारण मिळालं.

नोंदणीचं नूतनीकरण हा दुसरा. राज्य पशुवैद्यक परिषदेची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतन करावी लागते. ती संपलेली असताना झालेला उपचार हा नोंदणी नसलेल्या माणसाचा उपचार ठरू शकतो. पॉलिसीची तारीख मोबाइलमध्ये लावता तशी हीही लावा.

तिसरा, दवाखान्यातला पोऱ्या. वर्षानुवर्षं हाताखाली काम करून तो सुई छान देतो, आपण बाहेर असलो की सलाइनही लावतो. पशुवैद्यक परिषद अधिनियमाच्या कलम ३० नुसार किरकोळ पशुवैद्यकीय सेवा पदविकाधारकाला देता येतात, त्याही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. पोऱ्याकडे तीही पदविका नसते. त्याच्या सुईचा दावा तुमच्या नावावर येईल आणि पॉलिसी मात्र येणार नाही.

बोर्डिंग आणि ग्रूमिंगही यातच. सांभाळायला ठेवलेला कुत्रा दार उघडं राहून पळाला, तर ती वैद्यकीय चूक नाही. त्यासाठी वेगळा विमा.

आणि दूध. प्रतिजैविक देऊन दूध किती दिवस घालायचं नाही हे सांगायला विसरलात, संकलन केंद्रावर अख्खा टँकर नाकारला गेला, तर नुकसान एका गाईचं राहत नाही. असं पुढचं आर्थिक नुकसान काही पॉलिसींत आहे, काहींत नाही.

गावातच मिटवलं तर?

दुग्धज्वरातल्या त्या म्हशीकडे परत येऊ. सरपंच, पोलीस पाटील, मालकाचे भाऊबंद बसलेत. कोणीतरी म्हणतं, ‘डॉक्टर, तीस हजार द्या, विषय संपवा.’ रात्रीचे दहा वाजलेत, गाडीची चावी कोणाच्या तरी हातात आहे. तुम्ही देता.

माणूस म्हणून मी तुम्हाला दोष देणार नाही. मीही एकदा असेच दिलेत. पण पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं असतं की कंपनीच्या संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही आणि तडजोड करायची नाही. ते तीस हजार परत मिळत नाहीत. वर, ‘माझ्या चुकीनं म्हैस गेली’ असं कागदावर लिहून दिलंत तर पुढच्या केसमध्ये तोच कागद पहिला समोर येतो. अगदीच द्यावे लागले तर कबुली लिहून देऊ नका आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीला कळवा. दुःख व्यक्त करणं आणि चूक कबूल करणं यात फरक आहे. ‘फार वाईट झालं, आपण शवविच्छेदन करून कारण बघू’ हे म्हणायला कोणतीच पॉलिसी अडवत नाही.

सरकारी नोकरीत आहे. मला लागेल का?

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं डॉक्टरांच्या बाबतीत ठरवलं की सगळ्यांना मोफत मिळणारी सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, आणि नुसत्या नोंदणीच्या नाममात्र पैशानं त्यात फरक पडत नाही. पण आपल्या दवाखान्यात कामानुसार सेवाशुल्क घेतलं जातं. मग ते नाममात्र की मोबदला, यावर वकील भांडू शकतात. कर्तव्यावर असताना केलेल्या कामाची जबाबदारी मुख्यतः शासनावर जाते. खरा प्रश्न संध्याकाळी सहानंतर शेजारच्या वाडीवर केलेल्या कामाचा आहे. तिथे तुम्ही एकटे.

मी विद्यार्थी आहे. मला पॉलिसी मिळेल का?

अर्जात साधारणपणे नोंदणी क्रमांकाचा रकाना असतो आणि तुमच्याकडे तो नाही. त्यामुळे स्वतःच्या नावावरची पॉलिसी आपल्याकडे अवघड. अमेरिकेत तिथल्या पशुवैद्यक संघटनेच्या विमा ट्रस्टकडे विद्यार्थ्यांसाठी सोय आहे. आपल्याकडे तशी पद्धत रुजलेली नाही.

तुमचं संरक्षण कॉलेजमधून येतं. साडेपाच वर्षांच्या अभ्यासक्रमातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. त्यात तुम्ही जे करता ते देखरेखीखाली करता, म्हणून जबाबदारी देखरेख करणाऱ्यावर आणि संस्थेवर जाते. परळ असो, शिरवळ असो की उदगीर, इंटर्नशिप सुरू होताना लेखी विचारा: संस्थेची पॉलिसी आहे का, त्यात इंटर्न येतात का, आणि कॉलेजबाहेरच्या खासगी दवाखान्यात पाठवलं तर कोणाची पॉलिसी लागू? हे विचारलं की थोडं ‘शहाणा आलाय’ असं बघतात. बघू द्या.

दिवाळीत गावी गेल्यावर काकांच्या गाईला सुई दिली तर?

देऊ नका. चौथ्या वर्षाच्या मुलाला अख्खं गाव ‘डॉक्टर’ म्हणतं, छाती फुगते, मीही यातून गेलोय. पण कायद्यानं तुम्हाला अजून प्रॅक्टिस करता येत नाही, तुमच्यावर देखरेख करणारा तिथे कोणी नाही आणि विमा तर नाहीच. इंटर्नशिप संपून कायम नोंदणी हातात येईपर्यंतचे ते थोडे आठवडेही यातच धरा. काकांना जवळच्या डॉक्टरांचा नंबर द्या आणि त्यांच्यासोबत उभे राहून बघा.

मलाच लाथ बसली, कुत्रा चावला तर?

इन्डेम्निटी पॉलिसी तुमच्या जखमेसाठी नाही. त्यासाठी अपघात विमा आणि आरोग्य विमा. ब्रुसेलोसिससारखा जनावरांकडून माणसाला होणारा आजार अपघात विम्यात बसत नाही, तो आरोग्य विम्यात बघावा लागतो. विद्यार्थ्यांनी प्रात्यक्षिकं सुरू व्हायच्या आधीच रेबीजची प्रतिबंधक लस घ्यावी. तुम्ही ‘जरा धरा’ म्हणालात म्हणून मालकानं कुत्र्याचं तोंड धरलं आणि त्यालाच चावा बसला, तर मात्र तो तुमच्यावरचा दावा होऊ शकतो.

वकिलाची नोटीस आली. आता?

उत्तर लिहायला बसू नका. मालकाला फोन करू नका. त्याच दिवशी कंपनीला ईमेल करा आणि पोच ठेवा. आयोगाची नोटीस असेल तर घड्याळ सुरू झालंय: तीस दिवस, आयोगानं वाढवले तर आणखी पंधरा. पंचेचाळीसच्या पुढे जाता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०२० मध्ये स्पष्ट केलंय. कंपनीनं वकील नेमण्यात वीस दिवस घालवले तर तुमच्याकडे थोडेच उरतात, म्हणून मागे लागा.

केसपेपर मूळ ठेवा, झेरॉक्स द्या. आणि नोटीस आल्यावर जुन्या केसपेपरात नवीन ओळ घालू नका. शाईचा फरक कळतो.

कोर्ट चूक कशावरून ठरवतं?

त्या परिस्थितीत साधारण कुशल पशुवैद्यकानं जे केलं असतं, ते तुम्ही केलं का, यावरून. जनावर वाचलं की नाही, यावरून नाही. केंद्रीय पशुसंवर्धन विभागानं २०२४ मध्ये मानक उपचार मार्गदर्शिका काढली आहे. समोरचा वकील ती उघडणार, म्हणून आपण आधी उघडावी. तिच्यापासून वेगळं केलं असेल तर कारण केसपेपरवर हवं.

गोठ्यातल्या व्हिजिटला कोण केसपेपर लिहितो, हे मला माहीत आहे. कोणी नाही. मी आता गाडीत बसल्यावर मालकाच्या व्हॉट्सअॅपवर चार ओळी पाठवतो: तापमान, निदान, दिलेलं औषध आणि मात्रा, काय सांगितलं. वेळ आपोआप नोंदली जाते. दुग्धज्वरात तर ‘कॅल्शियम ४५० मिली, इतक्या मिनिटांत, हृदयाचे ठोके ऐकत’ एवढंच लिहा. मालकानं शवविच्छेदनाला नकार दिला तर तेही त्याच्यादेखत पाठवा. संमतीपत्र मराठीत असू द्या, आणि सही मालकाची. मालक मुंबईला आणि म्हैस घेऊन आलेला पुतण्या, असं असेल तर मालकाला फोन लावून होकाराचा मेसेज मागवा.

फौजदारी केस झाली तर?

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली जनावराला ठार मारणं किंवा अपंग करणं हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. पण त्यासाठी हेतू किंवा जाणीव लागते. प्रामाणिक उपचार फसला म्हणून ते लागू होत नाही. फौजदारी बचावाचा खर्च देणारं कलम काही पॉलिसींत जोडून मिळतं.

हप्त्यावर जीएसटी लागतो का?

अठरा टक्के. आपल्या उपचार सेवेवर जीएसटी नाही, त्यामुळे हा वळताही करता येत नाही, म्हणजे आपण गोळा केलेल्या करातून वजा करता येत नाही.

कंपनीनं दावा नाकारला तर?

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत, वकील लागत नाही, फी नाही. नकाराचं पत्र कलमासकट लेखी मागा. फोनवर ‘बसत नाही सर’ म्हणणाऱ्याला कलम विचारलं की दोनदा तरी माझ्या ओळखीतल्यांचा दावा बसलेला आहे.